हातचा

कागदावर सात खोल्या काढल्या होत्या.
सिमेंट सहावीतच संपलं.
सातवी लिंटलपर्यंत येऊन थांबली,
तिच्यात एल्डोरेटचं आभाळ राहतं,
भाडं न देता.

पतसंस्थेचं कर्ज, आठ वर्षांची मुदत,
तीन जामीनदार, तिघेही माझ्याच शाळेतले.
सकाळी स्टाफरूममध्ये रुगुट सर विचारतात,
"प्रिस्का, तब्येत बरी ना?"
मला कळतं, हप्त्याची विचारताहेत.
बरी आहे म्हणते. थोडा खोकला आहे.

दर पाच तारखेला फोनची टुणटुण ऐकत बसते,
चहा गार होईपर्यंत.
सहा खोल्या, साडेचार हजार शिलिंगांची एक,
सत्तावीस हजार.
हप्ता पगारातून परस्पर कापतात,
एकवीस हजार तीनशे.
पाण्याच्या टँकरचे अडीच हजार.
कचरा आणि फाटकावरचा दिवा, आठशे.
बारनाबासला बाराशे,
तो राखण करतो असं आम्ही दोघंही मानतो.
उरले बाराशे.
म्हणजे बारनाबास जितका राखणदार
तितकीच मी मालकीण.

भाऊ म्हणाला होता, जमीन कधी दगा देत नाही.
जमीन नाही देत.
पण प्राध्यापक संपावर गेले,
पोरांनी गाद्या गुंडाळल्या, बस पकडली,
आणि चार दारं एका दुपारी गप्प झाली.
त्या पाच तारखेला फोन एकदाच वाजला.
चहा गरम प्यायले.

मिसेस सोंगोक, चाळीस खोल्यांची बाई,
मला म्हणाली:
तीन दिवस वाट बघ, चौथ्या दिवशी कुलूप.
दया करायची तर चर्चमध्ये कर,
तिथे पावती फाडावी लागत नाही.

कुलूप घेतलं. पिवळं, जड.
साडेतीनशे. खर्चात लिहिले.

खोली चार. जेरोटिच.
नर्सिंगचं दुसरं वर्ष, तीन महिने थकलेले.
दाराबाहेर चपलांचे नऊ जोड,
सगळे माझ्या तळहाताएवढे.
आत शिकवणी चाललेली.
फळा नाही, म्हणून दाराच्या आतल्या अंगावर खडू.
माझं दार. निळा ऑइलपेंट, दोन हात दिलेला.
त्यावर बेरीज:
चार हजार सातशे अठ्ठावन्न,
खाली दोन हजार सहाशे सदुसष्ट,
आणि रेघेखाली सात हजार चारशे पंधरा.

एकवीस वर्षं चौथीला गणित शिकवतेय.
राहवलं नाही.
"हातचा विसरलीस," मी म्हटलं.

नऊ तोंडं वळली. त्यांतली दोन माझ्याच वर्गातली,
सवयीनं उठून उभी राहिली,
"गुड इव्हनिंग, टीचर."
पर्समधल्या कुलपानं माझा एक खांदा खाली ओढलेला.
दुसऱ्या हातानं खडू घेतला
आणि दशकाच्या डोक्यावर एक लिहिला,
बारीक, जसा लिहितात.

मीही कुठे धरला होता?
कर्जाच्या अर्जावर बाराही महिने
सहाही खोल्यांत माणसं झोपवली होती मी.
एकही पाइप फुटला नाही त्या अर्जात.
एकही प्राध्यापक रागावला नाही.

जेरोटिचनं कोकोच्या डब्यातून पैसे मोजले,
बहुतेक नाणी. सातशे चाळीस.
पावती फाडली.
'भाड्यापोटी' लिहिलं, आणि पुढे 'अंशतः',
अक्षर जरा कडक ठेवून.

वापरायला काढलेलं कुलूप दुकानदार परत घेत नाही.
जाताना ते टाकीच्या नळाला लावलं.
पलीकडच्या गॅरेजची माणसं रात्री तिथून बादल्या न्यायची,
बारनाबासच्या राखणीत.
किल्ली जेरोटिचच्या हातात दिली.
तिनं विचारलं, कधीपर्यंत?
मी म्हटलं, आधी टँकरचं बिल बघू.

बिल चारशेनं कमी आलं.
कुलपाचे साडेतीनशे गेले, राहिले पन्नास.
कुठल्या रकान्यात घालावेत कळेना.
मग वहीत पुढच्या महिन्याच्या आकड्यांवर,
डोक्याशी,
बारीक अक्षरात लिहून ठेवले.